हिमांशूचं जग

रविवारची दुपार होती. सिडकोतल्या त्या घरात कूलर घरघरत होता. आई पलीकडच्या खोलीत आडवी झाली होती, आणि विशाखा धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरपुढं बसून त्याच्या दोन मित्रांची वाट पाहत होती.

हिमांशूला जाऊन वर्ष होत आलं होतं. चौकोनी ठोकळे रचून घरं, डोंगर, विहिरी उभ्या करायच्या, असा त्याचा लाडका खेळ. तो चालायचा याच कॉम्प्युटरवरून. मित्र आपापल्या घरून इंटरनेटवरून यायचे, यजमान हिमांशू. कॉम्प्युटर चालू असेतोवर ते जग जागं. तो गेल्यापासून तिथं कुणी फिरकलं नव्हतं. विशाखानं ते पुन्हा उघडलं आणि कामावरून आल्यावर रोज त्यात एकच उद्योग केला. खाण खणली.

फर्दापूरच्या अलीकडं दगडाची एक जुनी खाण आहे. पावसाळ्यात तुडुंब भरते. हिमांशू तिच्यातच बुडाला. सोबत सुदर्शन आणि सत्यम होते. पोलिसांना दोघांनी शब्द न् शब्द सारखं सांगितलं, आम्ही हॉटेलात चहा पीत होतो, तो एकटाच तिकडं गेला. विशाखाला ते कधी पटलं नाही. पाण्याच्या भीतीनं हौदाच्या कडेलाही न बसणारा पोरगा एकटा खाणीवर कशाला जाईल? पण बघणारं कुणी नव्हतं. पंचनामा झाला, प्रकरण मिटलं.

दोघांना तिनं निरोप धाडला होता, "कॉम्प्युटर विकायचाय. त्याआधी एकदा त्याचं जग बघून घ्या."

दोघं आले. सुदर्शन पुण्यातल्या खोलीवरून, सत्यम सिल्लोडच्या घरून. पडद्यावर ठोकळ्यांची दोन माणसं उभी राहिली आणि हेडफोनमध्ये आवाज आले.

"लई दिवस झाले, ताई," सत्यम म्हणाला.

"या माझ्यामागं. काहीतरी दाखवायचंय."

तिनं त्यांना खाणीत उतरवलं. ते तळाला पोचले तशी तिनं वरून शिडी काढून घेतली. काठावर तिनं एक बांध घातला होता. त्यामागं पाणी अडवलेलं. कळ दाबली की बांध मोकळा होणार.

दोघांनी जागा ओळखली होती.

"मी रेकॉर्ड करतेय," विशाखा म्हणाली. "त्या दिवशी काय झालं ते सांगा."

"सगळं सांगितलंय पोलिसांना," सुदर्शन म्हणाला. "मी निघतो ताई, काम आहे."

पण त्याचं माणूस तिथंच उभं राहिलं.

"हे बंद का होत नाहीये? काय केलंय तुम्ही?"

विशाखानं काहीच केलं नव्हतं. सोंग करतोय, असं तिला वाटलं. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात, खेळणाऱ्यांच्या नावांखाली, आणखी एक नाव उमटलं.

हिमांशू.

काठावर पिवळ्या टोपीचं माणूस उभं होतं. त्याच्या नावानं शिरता येई ते फक्त याच कॉम्प्युटरवरून, आणि याच्यापुढं ती बसली होती, स्वतःच्या नावानं.

"ताई, असलं करू नका," सत्यम पुटपुटला. "हे बरं नाय."

पिवळी टोपी बांधाकडं वळली. कळ दाबली गेली.

खेळातल्या पाण्याचा आवाज बारीक, झुळझुळीत असे. हेडफोनमध्ये आला तो तसा नव्हता. दगडावर आदळत येणारा, घोगरा. त्यात कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज मिसळला.

"सांगतो," सुदर्शन धापा टाकत म्हणाला. "आम्हीच ढकललं त्याला. मजा म्हणून. व्हिडिओ काढत होतो. तो हातपाय मारत होता, आम्हाला वाटलं नाटक करतोय."

"मग?"

"मग घाबरलो. चहा प्यायला गेलो."

हवं होतं ते मिळालं होतं.

"ताई, खोलीत पाणी शिरलंय," सत्यम म्हणाला. "दार उघडंना. बंद करा ताई, पाया पडतो."

कॉम्प्युटरची वायर पायाशीच होती. एक हिसडा पुरे होता. विशाखा वाकली. वायर हातात धरली.

हिमांशूनंही अशाच हाका मारल्या असतील.

तिनं वायर सोडून दिली.

मग ती ऐकत बसली. हाका, मग नुसते बुडबुडे. मग तेही थांबले. नावं एकेक करून विझली. सुदर्शनचं, सत्यमचं, सगळ्यात शेवटी हिमांशूचं.

संध्याकाळी सत्यमच्या थोरल्या भावाचा फोन आला.

"खुर्चीतच गेला. खोली कोरडी, कपडे कोरडे. डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी होतं. हिरवं, शेवाळाचं. सुदर्शनला कळवावं म्हटलं, तर तोही फोन उचलत नाय."

विशाखानं "फार वाईट झालं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या रात्री, हिमांशू गेल्यापासून पहिल्यांदाच, तिला गाढ झोप लागली.

सकाळी आईनं हलवून उठवलं. आई न्हाऊन आली होती. केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतली साडी. वर्षभरात विशाखानं तिला असं पाहिलं नव्हतं. तिच्या हातात मोबाईल होता.

"विशू, हे बघ गं," आई हसून म्हणाली. "हिमूनं खेळायला बोलावलंय. मी हो दाबलंय."