आडोसा

सायकलपटूने ऐन भरात निवृत्ती घेतली की लोक आधी त्याच्या गुडघ्याकडे बघतात. त्याच्याही गुडघ्याकडे बघितलं. निरोपाच्या दिवशी तोही चारचौघांत गुडघा चोळत बसला होता. गुडघा मात्र ठणठणीत होता.

संघात त्याला ‘शिडी’ म्हणत. लांब, काटकुळा, आणि चढ लागला की बाकीच्यांना त्याची फक्त पाठ दिसायची. सरावाला तो रोज सकाळी तलावाच्या बांधावरून जायचा. तिथे समोरून असा वारा असे, की अंगातला शर्ट छातीला चिकटावा. शर्यतीत निदान दुसऱ्याच्या चाकामागे दडता येतं. पुढचा वारा खातो, मागच्याला आडोसा मिळतो. एकट्याला कसला आलाय आडोसा?

एका सकाळी तो मिळाला.

कानातली घरघर एकदम थांबली आणि स्वतःच्या साखळीची किरकिर ऐकू यायला लागली. वारा पडला असेल म्हणून त्याने बाजूला पाहिलं. तलावावर लाटा उसळत होत्या. कडेचं गवत आडवं झालं होतं. त्याने एक हात पुढे केला. हँडलच्या पुढची हवा स्वस्थ होती, आणि किंचित कोमट. कुणाची तरी घामेजलेली पाठ असावी तशी.

खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. रोजच आडोसा मिळायला लागला, पाय हलके पडायला लागले, शर्यती जिंकता यायला लागल्या. मग एक दिवस मोटारसायकलवरून मागे येणाऱ्या कोचने त्याला थांबवलं.

“शिडी, तू सारखा डावीकडे का सरकत होतास?”

“वारा उजवीकडून होता ना.”

“ते कळलं रे. पण असं आपण पुढच्याच्या आडोशाला सरकतो. तुझ्यापुढे होतं कोण?”

तो हसला. कोच हसला नाही.

त्या दिवसापासून त्याच्या मनात पाल चुकचुकायला लागली. तो मुद्दाम हळू चालवून बघायचा, तर आडोसाही हळू व्हायचा. पाणी प्यायला थांबला, की समोरची कोमट हवा तिथेच उभी राहायची. तो निघेपर्यंत. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की वेग आपण ठरवत नाही. वळणं तर नाहीच. पुढचा जसा जाईल तसं त्याचं हँडल वळत होतं, आणि डोळे रस्त्याऐवजी समोरच्या रिकाम्या जागेवर, बरोबर चाकाच्या उंचीवर, खिळलेले असत.

“तुला काय झालंय?” बायकोने विचारलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. माणूस बघतो एकीकडे आणि त्याचं ध्यान दुसरीकडे, हे तिला लगेच कळे.

“काही नाही. दमलोय.”

शेवटी एक दिवस तो घाटाच्या उतारावर आला. वरून सुकलेली पानं उडत होती. आडोशात शिरून तो सुसाट खाली निघाला. पुढे खिंडीतलं वळण होतं, कठड्यापलीकडे दरी. वळण जवळ आलं. आडोसा वळेना.

त्याचे हातही वळेनात.

दातओठ खाऊन त्याने हँडल फिरवलं. त्याच क्षणी वारा तोंडावर असा आदळला, की तो रस्त्यावर फेकला गेला. अंग सोलवटून निघालं. कसाबसा उठून त्याने मागे बघितलं.

पानं सैरावैरा उडत होती. फक्त कठड्यापलीकडे, दरीवर अधांतरी, एका जागी ती सरळ खाली पडत होती.

ती जागा हलत नव्हती.

वाट बघत होती.

संध्याकाळी त्याने कोचला गुडघ्याचं कारण सांगितलं. सायकली देऊन टाकल्या. संघाच्या कार्यालयात बसून इतरांच्या प्रवासाची तिकिटं काढायचं काम घेतलं. घरी आला, की आधी खिडकी उघडून उभा राहायचा. वारा तोंडावर बसला, की जिवात जीव यायचा. बायकोला वाटलं, चला, माणूस ताळ्यावर आला. तिने दुकानात जायला टोपलीवाली जुनी सायकल घेतली, तेव्हा त्याने बरेच आढेवेढे घेतले.

“तू सोडलीस म्हणून मीही चालतच जायचं का?” ती म्हणाली.

त्या दिवशी दुपारपासूनच सोसाट्याचा वारा सुटला होता. दुकानांच्या पाट्या खडखडत होत्या, समोरच्या गच्चीवरचे कपडे उडून रस्त्यावर आले होते. तो खिडकीत जीव मुठीत धरून उभा होता. ती आली ती गाणं गुणगुणतच.

“अरे, उगाच बाऊ करता तुम्ही लोक सायकलीचा. आज तर मला पाय मारायलाही लागले नाहीत.”

“वारा लागला नाही तुला?”

“कुठला वारा?” तिने पिशवी खाली ठेवली. “उद्या सुट्टी आहे. घाटापर्यंत जाऊन येईन म्हणते.”

“घाटात नको.” त्याचा आवाज चिरकला. “घाटात मुळीच जायचं नाही.”

“बघू,” ती म्हणाली. पण तिचं ध्यान त्याच्याकडे नव्हतं. ती समोर, मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

तिच्या मागे उघडं दार वाऱ्याने धाडधाड आपटत होतं. ती दारातच उभी होती, आणि तिच्या कपाळावरची एक बटही हलत नव्हती.