चांगल्या पायाची लबाडी

दवाखान्याच्या फ्रीजमध्ये बर्फाची एकच पिशवी उरली होती आणि गुडघे होते दोन. डावा तिचा. उजवा एका आडदांड गोलरक्षकाचा. दोघांचंही तुटलेलं लिगामेंट शस्त्रक्रियेने नवं बसवलेलं.

“घ्या तुम्ही,” तो म्हणाला. “माझं काय, मी थंडच आहे.”

“दिसतंच आहे.”

प्रेमात पडण्याजोगं हे संभाषण नव्हे. पण रोज तासभर समोरासमोरच्या बाकांवर पाय वर करून बसणाऱ्यांना निवडीला फारसा वाव नसतो. तिसऱ्या महिन्यात ‘तुम्ही’ गळून पडलं. पाचव्या महिन्यात त्याला यायला उशीर झाला, की ती व्यायाम मोजताना चुकू लागली.

ती व्हॉलीबॉल खेळायची. प्रशिक्षक तिला लाडाने ‘उंटीण’ म्हणत. जाळीपाशी उडी मारून उतरताना गुडघ्यात ‘टक्’ झालं होतं, आणि तो आवाज अजून गेला नव्हता. जिना उतरताना यायचा, बसमधून उतरताना यायचा... गुडघा बरा आहे, हे डॉक्टरांनी, आईने आणि शेजारच्या काकूंनीही तिला सांगून झालं होतं. गुडघ्याला मात्र कुणी कळवलं नव्हतं.

फिजिओबाई दर महिन्याला एक फॉर्म भरून घेत. ‘गुडघ्यावर तुमचा विश्वास किती? शून्य ते शंभर.’ ती सुवाच्य अक्षरात नव्वद लिहायची. तो लिहायचा तीस.

“तीस? अरे, उड्या तर माकडासारख्या मारतोस!”

“उड्या पाय मारतो. फॉर्म मी भरतो.”

आठव्या महिन्यात तिच्या संघाची निवड आली. एका पायावर उडी मारायची... आधी धडधाकट पायावर, मग शस्त्रक्रियेच्या. दुसरी उडी पहिलीच्या नव्वद टक्के भरली तर संघात, नाहीतर तिची जागा दुसऱ्या मुलीला.

मोजायच्या टेपचं दुसरं टोक बाईंनी गोलरक्षकाच्या हातात दिलं. उजवा पाय : एकशे वीस सेंटिमीटर. डावा : एकशे बारा.

“त्र्याण्णव टक्के!” बाई खूश होऊन शिक्का आणायला आत गेल्या.

तो टेप धरून तसाच उकिडवा बसला होता.

“परवा फाटकाबाहेर डबकं ओलांडलंस,” तो हळूच म्हणाला. “याच उजव्या पायावर. दीडशे तरी असेल.”

“तुझं लक्ष डबक्याकडे होतं?”

“डबक्याकडे कोण बघतंय...”

एरवी ती हसली असती. आता तिने आतल्या दाराकडे पाहिलं. “सांगणार आहेस बाईंना?”

“नाही.”

“मग?”

तो टेप उगीच गुंडाळू लागला. “माझा संघ दोन महिने बोलावतोय. डॉक्टरांनी कधीच परवानगी दिलीय. घरी मात्र मी सांगतो, डॉक्टर नको म्हणतात. मैदानावर कुणी नसताना जातो, गोलमध्ये उभा राहतो. समोर चेंडूसुद्धा नसतो... तरी झेप घेता येत नाही. आईलाही नाही बोललो हे.”

“मग मलाच का?”

“तू पुन्हा पडलीस तर मला बघवणार नाही. म्हणजे मी माझ्यापुरतंच बघतोय. स्वार्थी आहे मी.”

बाई शिक्का घेऊन आल्या. कागदावर टेकवणार, एवढ्यात...

“बाई, पुन्हा मोजा. मघाशी मी चांगल्या पायाने चोरी केली, मुद्दाम तोकडी उडी मारली,” ती म्हणाली.

या वेळी उजवा पाय एकशे छप्पन्न गेला. डावा मघाइतकाच, एकशे बारा. बाईंनी गणित दोनदा केलं. बहात्तर. मग त्यांनी शिक्का डबीत ठेवला आणि नवा फॉर्म पुढे सरकवला. तिने लिहिलं : पंधरा.

संध्याकाळी प्रशिक्षकांचा फोन आला. “उंटीण, पुढच्या वर्षी बघू हं.” हे पुढचं वर्ष कुठल्याच कॅलेंडरात नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. ती बरंच रडली. आईने “गुडघा दुखतोय का?” विचारलं, तेव्हा ती “हो” म्हणाली, तेवढंच सोपं होतं.

रविवारी ती त्याच्याबरोबर मैदानावर गेली. आभाळ भरलेलं, चिटपाखरू नाही. तिने हातानेच चेंडू टाकायला सुरुवात केली, अगदी हळू. तो गोलमध्ये खांबासारखा उभा. चेंडू शेजारून जायचा आणि तो नुसती मान वळवायचा.

“बारा–शून्य,” ती म्हणाली.

“तेरावा टाक.”

तेरावाही गेला. तो खाली बघत राहिला. ती चेंडू आणायला जाळीपर्यंत चालत आली आणि चेंडू न उचलताच त्याच्याशेजारी उभी राहिली. त्याने तिचा हात धरला. त्याचा पंजा मोठा होता.

“भीती वाटते?” त्याने विचारलं.

“गुडघ्याची? खूप.”

“आणि... माझी?”

“नाही.”