आखितीचा रांजण

मोबाईल खिशात घाल स्वराज, तो उजेड डोळ्यांवर येतो. फाट्यावरचा रंगीत रांजण पालथा का, असं विचारलंस ना मघाशी? सांगतो. हौसराव माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस, आणि हे त्यानं माझ्याच ओट्यावर बसून सांगितलंय. त्यामुळं मध्ये हसायचं नाही.

गेल्या सालची आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया. तिच्या आदल्या रात्री हौसराव पाणपोईचा रांजण भरायला निघाला. आखितीला आपण गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी देतो, आणि त्याची पुतणी वैष्णवी मार्गशीर्षात गेली होती. सकाळी पाहुणे यायचे होते, नारळ फुटायचा होता. फ्लेक्स आधीच लागला होता. हौसराव हात जोडून एवढा मोठा, आणि कोपऱ्यात पोरगी, पासपोर्टच्या फोटोएवढी. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. मोटर चालू झाल्यावर त्यानं विहिरीवर कॅन भरले, पिकअपमध्ये टाकले आणि फाट्यावर आला.

वैष्णवीला तुम्ही पाहिलं असेल, पण नीट ओळखत नसाल. सतरा वर्षांची होती. दोन्ही किडन्या गेलेल्या. तिची आई मुक्ताबाई तिला दौंडहून डेमू गाडीनं पुण्याला डायलिसिसला न्यायची, कित्येक वर्षं. तिला पाणी मोजून. दिवसाला स्टीलचे दोन पेले, भर उन्हाळ्यातसुद्धा. आणि ही पोर काय करायची, तर माठ रंगवायची. मासे, बगळे, पाणकोंबड्या काढायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरपोच नेऊन द्यायची. माझ्या माठावर तिनं चष्मा लावलेला बेडूक काढलाय. "मामा, ह्यो तुम्ही हाय," म्हणाली.

मी म्हटलं, "तुला घोटभर प्यायची चोरी, आन् आमचं माठ सजवतीस व्हय गं?"

"मला न्हाई जमत, तर कुणीतरी पोटभर प्यायला पायजे की."

अशी होती ती. तिची आठवण आली की मला अजून त्या हौसरावचा संताप येतो.

बाप आधीच गेलेला. आईला साखर, तिची किडनी चालेना. तेव्हा हा चुलता पुढं झाला. खंडोबाच्या देवळात, चारचौघांत, त्यानं बेल-भंडारा उचलून शपथ घेतली. "माझी किडनी पोरीला देतो." आपल्याकडं भंडारा उचलल्यावर पुढं कुणी काही विचारत नाही. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. मुक्ताबाईनं दुसरीकडं चौकशी करायची सोडून दिली. आणि पोरीनं त्याच्यासाठी तो रांजण रंगवला, गळ्याभोवती मासेच मासे.

मग हा एक दिवस तपासणीला म्हणून पुण्याला गेला. संध्याकाळी तोंड पाडून परत आला. "जुळत न्हाई म्हणत्यात डॉक्टर."

पोरगीच त्याची समजूत घालत बसली. "जाऊ द्या नाना. तुम्ही गेलात, ह्येच लई झालं."

तो आत गेलाच नव्हता. दवाखान्याच्या दारातल्या टपरीवर दिवसभर बसून होता. आता भीती कुणालाही वाटते, मलाही वाटली असती. पण घाबरलो म्हणाला असता तर त्या पोरीनंच त्याला मोकळं केलं असतं. दुसरं कुणी बघायला वेळ तरी राहिला असता. ह्यानं भंडाऱ्याच्या आडून तो वेळही खाल्ला.

तर त्या रात्री त्यानं रांजण गळ्यापर्यंत भरला. माशांपर्यंत पाणी आलं. वर लाकडी झाकण ठेवलं. कॅन गोळा करायला लागला. तेवढ्यात लांबची मोटर बंद पडली. रातकिडेही गप्प झाले.

मागून हाक आली.

"नाना..."

एकच. रात्री एका हाकेला ओ देऊ नये, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आवाज घरातला होता. ओ निघूनच गेली.

"काय गं?"

"पाणी हाय?"

आणि हा सवयीनं बोलून गेला. "दोन पेलं झालं न्हाईत व्हय तुझं?"

बोलला... आणि मग त्याला कळलं आपण कुणाशी बोललो.

मागं वळवेना.

झाकण सरकलं. पेला बुडाला. डुबुक. मग घोट. सावकाश. पुन्हा पेला बुडाला... पुन्हा... जन्माची तहान असलेलं माणूस पितं तसं.

मग थांबली.

"नाना... खरंच जुळली नव्हती का वो?"

रागानं नाही. नुसतं विचारलं.

इथं त्याला सुटायची वाट होती, पोरांनो. काळोख होता. तिसरं कुणी नव्हतं. खरं बोलला असता तर तिनं हसून सोडला असता त्याला, मी सांगतो.

हा म्हणाला, "न्हाई गं बाळ. भंडाऱ्याची आण."

मेलेल्या पोरीशीसुद्धा...

मग ती म्हणाली, "बरं."

एवढंच.

सकाळी आम्ही सगळे जमलो. नारळ फुटला. पहिला पेला आईनं भरायचा, म्हणून मुक्ताबाईनं झाकण काढलं. आत हात घातला, आणि तशीच उभी राहिली. हौसराव आमच्या मागं, पांढऱ्या सदऱ्यात, घामानं भिजलेला.

रांजणात थेंब नव्हता. कुठं चीर नाही, बुडाखाली ओल नाही.

मुक्ताबाईचा हात बाहेर आला तो पिवळा. तिनं हाताकडं बघितलं. मग हौसरावकडं.

"भावजी," ती म्हणाली, "आता काय सांगू नगा."

आणि तिनं दोन्ही हातांनी तो रांजण पालथा केला. तळातून मूठभर भंडारा पडला. रात्री गळ्यापर्यंत पाणी भरलेल्या रांजणातला... आणि खाली पडायच्या आधीच वाऱ्यावर उडाला, आणि जाऊन हौसरावच्या सदऱ्यावर बसला. इतका कोरडा होता.