चुन्याची होडी

“अहो, होडीतून उतरा!”

आई माझ्या वडिलांशी बोलली ते हे पहिलं वाक्य.

वडील दचकून इकडेतिकडे बघू लागले. दर्या लांब होता, ते तर शाळेच्या अंगणात उभे होते. मग त्यांनी पायाखाली पाहिलं. मातीत चुन्याच्या रेघांनी एक मोठी होडी काढलेली होती… आणि ते नेमके तिच्या मधोमध.

“ही होडी हाय?” एक पाय उचलून ते म्हणाले. “पन बाई, हिची एक बाजू लांब, एक आखूड… ही पान्यात गेली तर गोल गोल फिरंल.”

मुलं खो-खो हसली. आईचे कान लाल झाले.

“तुम्ही कोण?”

“फर्डिनंड. जिचं हे चित्र काढलंय, तिचा मालक. माझ्या होडीला खडूच्या खुना कोनी केल्या ते बघाया आलो.”

ते साल अठ्ठावन्न. आई तेव्हा रेजिना बाई होती, गास गावाहून रोज टांग्याने पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या शाळेत येणारी. सातवीच्या विज्ञानात माप आणि प्रमाण शिकवत होती. किनाऱ्यावर ओढलेली होडी मोजून आणायला तिने मुलांना पाठवलं होतं. पट्टी एकच, ती सरकवत बसायचा कोळ्यांच्या पोरांना कंटाळा. त्यांनी घरच्यासारखी वाव घातली, म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं ते अंतर. एक बाजू उंच नथूने मोजली होती, दुसरी चिमुकल्या कमळीने, आणि त्याच मापाने अंगणात रेघा ओढल्या होत्या.

आई रागावली नाही. तिने विचारलं, “कमळे, तुमच्या घरी जाळं कोण मोजतं?”

“आय.”

“आणि ती आजारी पडली तर?”

“तर जालं थांबतं, बाई. दुसऱ्याची वाव चालत नाय…” कमळी थबकली. तिने नथूच्या लांब हातांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. “बाई! आमी दोघांनी मोजली!”

आईने फक्त मान हलवली. उत्तर मुलीच्या तोंडून यावं म्हणून थांबून राहणं तिला जमायचं. वडील म्हणत, मी त्याच क्षणी गेलो कामातून.

मग सगळे किनाऱ्यावर गेले. फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी घेतली. एक टोक आईच्या हातात, दुसरं वडिलांच्या.

“ताणून धरा.”

“धरलीय. तुमीच सैल सोडता.”

“मी? तुमचं लक्ष दोरीवर नाही.”

“नाय… ते खरं.”

आईने मान वळवली आणि कमळीला गाठी मोजायला सांगितल्या.

शेवटी फुटाला इंच धरून होडी कागदावर उतरली. वडिलांनी ती डोळ्यांजवळ नेली. “एवढीशी केलीत माझी होडी!”

“लहान केली, कमी नाही केली,” आई म्हणाली. “सगळीकडून सारखीच लहान झाली की ती तीच होडी राहते.”

यानंतर होडीत रोज काही ना काही मोजण्यासारखं निघू लागलं. कधी सुकाणू, कधी डोलकाठी. वडील स्वतः शाळेत येऊन सांगत.

पण आईला वांद्र्याहून स्थळ आलं होतं. मुलगा कचेरीत, घर पक्कं, एकच अट… शाळा सोडायची. रविवारपर्यंत तिने उत्तर द्यायचं होतं. तिने हे वडिलांना सांगितलं, होडीच्या सावलीत, मुलं पांगल्यावर.

वडील होडीवरचा डांबराचा डाग खरवडू लागले. “तुमी गेल्यावर या पोरांना कोन शिकवनार?”

“एवढंच विचारायचंय?”

“नाय…” ते वर न बघताच बोलले. “आमच्या घराला मासळीचा वास. तुमची केळीची वाडी. गासची मुलगी कोली घरात कोन देतो?”

“ते मी बघेन. मी शाळा सोडणार नाही, हे ऐकलंत ना?”

“सोडलीत तर मी बोलनार नाय तुमच्याशी.”

आई हसली. “मग ठरलं.”

आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, ऐकून खवळले. कोळ्याच्या घरात? जेवताना तिच्याकडे बघेनात. आईने ना रडून दाखवलं, ना आवाज चढवला. रोज टांग्यात बसून शाळेला गेली. त्यांच्या आळीतून शिकून बाई झालेली ती पहिलीच, आणि आजोबा ते वाडीत येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत असत. शनिवारी त्यांनीच विचारलं, “तो शाळा सोडायला लावील?”

“नाही, बाबा.”

“वांद्र्याचा लावतोय.”

“हो.”

आजोबा उठून विहिरीकडे गेले. परत आले ते सदरा घालून. “चल. फादरना नावं द्यायला हवीत.”

लग्नाआधी रविवारी चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं पुकारतात. आपलं नाव आलं की मुलीने मान खाली घालायची, ही तेव्हाची रीत. बायकांच्या बाकांवर कुजबुज होती, कोळ्याचं नाव ऐकून ती वाढली. सगळे आईकडे वळून बघत होते.

आईने मान खाली घातली नाही. सोमवारी ती वर्गावर वेळेत हजर होती.