सत्तरवर लावलेलं कुलूप

आधीच सांगते, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

आजवर ही हकिकत तिघांना सांगितली. दोघं हसले. तिसरा उठून आपल्या तळघरात जाऊन आला.

मागच्या जानेवारीतली चौदा तारीख. मंगळवार. भर दुपार, दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर उणे पंचवीस.

भुतं काळोखातच येतात असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल, तर विसरा ते.

माझी आई, व्हर्ना, ब्याऐंशी वर्षांची. मिनेसोटात हिबिंग नावाचं खाणीचं गाव आहे, तिथल्या आमच्या घरात एकटीच राहायची. मी दीड तासावर डलूथला. दातांच्या एका दवाखान्यात फोन घ्यायचं काम करते.

बाबा त्याआधीच्या सप्टेंबरात गेले. रेनो लाह्ती. लोखंडाच्या खाणीत चाळीस वर्षं काढलेला माणूस. घरात बाकी सगळं आईचं चालायचं, बाबांचं राज्य एकाच गोष्टीवर... बोळातल्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट. तळघरातली गॅसची भट्टी किती पेटायची ते ठरवणारी गोल तबकडी. बासष्टवर त्यांनी पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. कुणी चोरून सत्तरवर नेली की पाच मिनिटांत बोळातून आवाज यायचा.

“हात कुणी लावला?”

आणि मग, “थंडी वाजते? स्वेटर घाल.”

आम्ही भावंडं या वाक्यावर वाढलो.

नाताळनंतर मी आईकडे गेले, तर दार उघडताच गारठा अंगावर आला. तबकडी पंचावन्नवर. आमच्या फॅरनहाइटच्या मापात सत्तर म्हणजे ऊबदार आणि पंचावन्न म्हणजे घरात कोट. आई कोचावर कोट घालूनच बसली होती, दोन्ही हातांनी डोकं धरून.

“आई, हे कुणी कमी केलं?”

“तुझ्या बाबांनी.”

“आई... बाबा गेलेत.”

“मला सांगतेस? पुरला तेव्हा मी तिथेच होते ना! तरी येतो. बोळात उभा राहतो, खाणीतली टोपी घालून. मी वाढवते, तो कमी करतो.”

मी तबकडी पुन्हा सत्तरवर नेली.

तसं तिचं विसरणं महिनाभर वाढलंच होतं. माझा भाऊ डुएन याला सांगितलं, तर तो आधी खो खो हसला. “मेला तरी म्हातारा गॅस वाचवतोय!” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मार्सी, तीच फिरवते आणि तीच विसरते. पुन्हा एकदा घर गार सापडलं, तर मी तिला वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार. गोठून मरण्यापेक्षा बरं.”

आईने ते ऐकलं. रात्रीच्या जेवणाला माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “मला या घरातून हलवू देऊ नकोस गं.”

मी शब्द दिला.

त्या शब्दापायी शनिवारी मी थर्मोस्टॅट बदलायला निघाले. जुन्याच्या मागच्या तारांचा फोटो काढून दुकानात नेला. दुकानदार लिओनर्ड बाबांच्या ओळखीचा. त्याने तारा मोजल्या आणि एक डबा पुढे सरकवला.

“हा घे. आकडे मोठे आहेत. उठायची वेळ, बाहेर जायची, परतायची, झोपायची, चार वेळा लावून द्यायच्या. बाकी तो बघतो.”

“कुलूप आहे का त्याला?”

“थर्मोस्टॅटला कुलूप?”

“आईने हात लावला तरी बदलता कामा नये. आणि मला डलूथमध्ये फोनवर दिसलं पाहिजे.”

त्याने दुसरा डबा काढला. चार आकडे टाकल्याशिवाय बदलता येत नाही असा. पण हातातून सोडेना. “मार्सी, घरात जो राहतो ना, त्याचा हात त्याला लागलाच पाहिजे. तुझे बाबा असते तर हा घेतला नसता.”

“बाबा असते तर मी इथे आलेच नसते,” मी म्हणाले.

डुएनने तो दुपारीच बसवला. जुनी तबकडी मी माझ्या गाडीत टाकली. मग दोघांनी मिळून खिडक्यांना गारठा अडवणारं प्लास्टिक ताणलं आणि हेअर ड्रायरने घट्ट बसवलं. दर हिवाळ्याआधी हे काम बाबा करायचे, या वर्षी राहूनच गेलं होतं.

तळघरातली छोटी खिडकी दोन बोटं उघडी होती. बाबा ती कधीच बंद करू देत नसत. भट्टीलाही श्वास लागतो, म्हणायचे.

“घे, इथून गारठा येतोय!” डुएन म्हणाला.

ती मीच लावली. प्लास्टिकही मीच ताणलं.

लिओनर्डचं बोलणं मनात टोचत होतं, म्हणून कुलूप तेवढं लावलं नाही. सत्तरवर ठेवून निघाले.

मंगळवारी दुपारी दोन दहाला माझा मोबाइल थरथरला.

पंचावन्न.

मी बोटाने सत्तर केलं. मिनिटभर शांत...

पंचावन्न.

सत्तर.

पंचावन्न.

मी दवाखान्याच्या फोनवरून आईला लावला. मोबाइल दुसऱ्या हातात.

“आई, कुठे आहेस?”

“स्वयंपाकघरात. खुर्चीत.” आवाज जड, झोपेतल्यासारखा. “डोकं फुटतंय गं. उठवतच नाही.”

“मग थर्मोस्टॅटला हात लावू नकोस ना!”

“मी कुठे? तो आहे. आज माझ्याकडे बघतही नाही. भिंतीकडे तोंड करून उभाय.”

आईचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा. त्याची दोरी बोळापर्यंत पोचत नाही. लहानपणी आम्ही ती शंभरदा ताणून बघितली आहे.

ती माझ्याशी बोलत होती... आणि माझ्या हातातला आकडा बदलला.

पंचावन्न.

तेवढ्यात फोनमधून एक आवाज आला.

टक्... टक्... टक्...

तबकडी फिरवल्याचा. नव्या थर्मोस्टॅटला तबकडी नाही. जुनी तर माझ्या गाडीत पडली होती, खाली पार्किंगमध्ये.

इथे मी घाबरायला हवं होतं. मी चिडले. मी बाबांचीच लेक, हट्टाला हट्ट. सत्तर केलं आणि चार आकडे टाकून कुलूप लावलं.

मोबाइलवर अक्षरं उमटली. चुकीचा आकडा.

पुन्हा. चुकीचा आकडा.

पुन्हा.

“तो भिंतीवर हात मारतोय, मार्सी,” आई कुजबुजली. “का असं करतोय गं?”

मी बघत राहिले. हळूहळू ते थांबलं. सत्तर... सत्तरच राहिलं. तिकडे भट्टी धडधडत पेटल्याचा आवाज आला.

मला वाटलं, जिंकले.

त्या एका क्षणाची लाज मला जन्मभर पुरेल.

“आई?”

उत्तर नाही.

“आई!”

फोन चालू होता. पलीकडे भट्टीचा आवाज होता, दुसरं काही नाही.

मी शेजारच्या ऑरविलला फोन केला. त्याच्याकडे किल्ली होती. आई खुर्चीतून खाली पडलेली. त्या पंचाहत्तरीच्या माणसाने तिला काखेत धरून अंगणातल्या बर्फात ओढत आणलं. अग्निशमनवाले आले, त्यांचं मोजायचं यंत्र दारातच किंचाळायला लागलं.

भट्टीतून धुराड्याकडे जाणारा पाइप सांध्यातून निसटला होता. केव्हाचा, कोण जाणे. ज्याला वास नाही, रंग नाही असा विषारी वायू घरात भरत होता. भट्टी जितकी पेटेल, तितका जास्त. बाहेर जायला वाट दोन बोटांची होती, तीही मी बुजवली होती.

आणि असा वायू साठला की वाजणारी धोक्याची घंटा? ती सापडली टॉवेलांच्या खणात. नोव्हेंबरात ज्या रविवारी आमच्याकडे सगळे घड्याळं तासभर मागे घेतात, त्या दिवशी तिच्या बॅटऱ्या बदलणं हे बाबांचं काम. या वर्षी कुणी बदलल्या नाहीत. बॅटरी संपत आली तशी ती टिकटिक करायला लागली म्हणून आईने काढून ठेवली.

आई वाचली. आणखी अर्ध्या तासाने वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. त्या वायूने माणूस विसरतो, त्याला भासही होतात, हेही तेच म्हणाले.

डुएनने तेच धरलं. “बघ! सगळे भास. बाबा नाहीत न् काही नाही.”

मलाही तसंच मानायला आवडलं असतं.

पण वायू हिबिंगला होता. मी डलूथला होते. आणि चुकीचा आकडा अकरा वेळा टाकल्याची नोंद माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे.

आता आई तिच्याच घरात आहे. नवी भट्टी, खोलीखोलीत घंटा. थर्मोस्टॅटचं कुलूप त्याच दिवशी काढलं. तिचं विसरणंही गेलं. बाबा दिसतात का, विचारलं तर थोडी हिरमुसून म्हणाली, “नाही गं. आता नाही येत.”

इथे हे संपायला हवं होतं.

परवा दुपारी मी कामावरून घरी आले. माझ्या घरी साधा, जुना, गोल थर्मोस्टॅट आहे. अडुसष्टवर ठेवलेला असतो.

तो पंचावन्नवर होता.

मी वाढवला. तासाभराने पाहिलं... पंचावन्न.

काल भट्टीवाला येऊन गेला. पाइप, धुराडं, हवा, सगळं मोजलं. काही नाही. आज दुसऱ्याला बोलावलं. त्यालाही काही सापडलं नाही. घंटा गप्प आहे.

काय आहे, बाबा? या वेळी काय आहे?

मी भट्टी बंद केली आहे. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून आम्ही मायलेकी कोट घालून बसलोय. माझी लेक कुडकुडतेय, चिडलीये. “आई, थंडी वाजतेय! वाढव ना!”

बोळात मघाशी टक् असा आवाज झाला. तिनेही ऐकला.

“स्वेटर घाल,” मी म्हणाले.