हुंकार देणारं कुणीतरी

नारीन गावच्या बाजारामागे तालायचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. त्या बुधवारी भर दुपारीच त्याने ते बंद केलं, हातावरचं ग्रीस रॉकेलने पुसलं आणि वाचनालयाची वाट धरली. आठवीत शाळा सोडल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता.

"सबीरा एजे, गोष्टीचं पुस्तक हवंय," तो दारातूनच म्हणाला.

सबीरा वाचनालय सांभाळायची. गल्लीतले सगळे तिला एजे, म्हणजे ताईच म्हणत. तिने चष्म्यावरून पाहिलं. "का रे, गावातल्या गाड्या संपल्या?"

"आयझिरेकसाठी. रात्री झोपतच नाही. लांडगा नको, राक्षस नको, लढाई तर नकोच. नवलाचं असावं, पण... त्यात फारसं काही घडू नये."

आयझिरेकची आई मॉस्कोला बेकरीत कामाला गेली, त्याला दोन महिने झाले होते. तेव्हापासून त्याची ही सहा वर्षांची पोर पहाटेपर्यंत छताकडे टक लावून पडायची. गाल बसले होते. तिच्या मावशीने फोनवर सांगूनच टाकलं होतं, "रविवारी येते. तोवर झोपायला लागली नाही, तर ओशला माझ्या घरी घेऊन जाणार मी तिला. तुझ्याच्याने नाही व्हायचं हे, तालाय."

एजेने मागच्या फळीवरून निळ्या कापडाचं जाडजूड पुस्तक काढलं. चंद्रावर एक म्हातारा चहाचं दुकान चालवतो. वाट चुकलेली यानं तिथे थांबतात. तो चहा देतो, प्रवाशांचे मोजे रफू करतो. चारशे पानं एवढंच. तिसऱ्या पानात पांढऱ्या लोकरीचा धागा होता.

"ही खूण आपल्या गल्लीतल्या बातमा आपांची. म्हातारपणी डोळे गेले, मग मी वाचून दाखवायचे. मागच्या हिवाळ्यात गेल्या बिचाऱ्या." एजेने धाग्यावरून बोट फिरवलं. "हळू वाच हं. घाई चालत नाही त्याला."

"कुणाला?"

"पुस्तकाला रे!" म्हणत तिने शिक्का मारला.

हळू वाचायची चिंताच नव्हती. लांब शब्द आला की तालायची गाडी चढावर अडायची.

रात्री त्याने चुलीत कोळसा सारला, दिवा जवळ ओढला. त्यांच्या घरची रीत अशी, की ऐकणाऱ्याने वाक्यागणिक 'हं' म्हणायचं. हुंकार थांबला की झोप लागली समजायचं आणि गोष्ट थांबवायची.

"यान उतरलं."

"हं."

"धूळ खाली बसायला... अर्धा तास लागला."

"हं. मग बाबा, तो म्हातारा काय करतो?"

"काही नाही. चहा उकळायची वाट बघतो."

"हं. छान."

बाहेर नदीवरून वारा घोंगावत होता. तालाय वाचत राहिला, हुंकार येत राहिला. चार पानं झाली, पाच झाली. मग त्याने सहज मान वर केली. आयझिरेक तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.

"केटलीला... वाफ आली," तो पुटपुटला.

"हं."

आवाज भिंतीशी रचलेल्या गोधड्यांकडून आला होता. तिकडून ओल्या लोकरीचा वास येत होता. अंगणातला कुत्रा बारीक आवाजात कण्हला. तालायने फटकन पुस्तक मिटलं, तशी पोर दचकून उठली.

"बाबा... थांबलास का?"

त्याने घाईघाईने पान शोधलं. "वाफ... वर गेली."

"हं..."

पोर पुन्हा झोपली.

गुरुवारी तेच झालं, शुक्रवारीही तेच. गोधड्यांकडे बघायचं नाही असं तालायने ठरवून टाकलं. पोरीच्या गालांवर रंग चढत होता. शनिवारी मात्र त्याने वाचनालय गाठलं.

"एजे, बातमा आपा हुंकार द्यायच्या का हो?"

"आपा? दुसऱ्या वाक्याला घोरायच्या! उगाच का खूण तिसऱ्या पानावर राहिली?"

"मग..."

एजेचा चेहरा उतरला. "तुलाही येतो ऐकू? मला वाटलं, माझंच वय झालं." तिने चष्मा काढून पदराला पुसला. "पोर झोपते ना?"

"झोपते."

"मग वाच, बाळा."

उरलेला सगळा दिवस तालायने ट्रकखाली काढला. रात्री एकेचाळिसाव्या पानावर अक्षरं एकमेकांत मिसळू लागली...

जाग आली ती हॉर्नने. उन्हं खिडकीवर आली होती. मावशी आत आली आणि चहा पिता पिता भाचीकडे बघतच राहिली. "काय टवटवीत दिसतेय गं! राहू दे बाई हिला इथेच. जमलं हो तुला, तालाय!"

तिला गाडीपर्यंत सोडून तालाय परतला. छातीवरचा धोंडा उतरला होता. उशाचं पुस्तक त्याने हसतच उचललं. धागा बहात्तराव्या पानात होता.

"आयझिरेक, काल कुठवर आलो होतो गं आपण?"

"तू मोज्यांपाशीच झोपलास. पुढचं तिने वाचलं." ती वेणीशी खेळत होती. "ती मुळीच अडखळत नाही, बाबा."

"कोण...?"

"आणि तू झोपेत हुंकार देत होतास. प्रत्येक वाक्याला." आयझिरेक खुदकन हसली. "एकदाच थांबलास. तर ती तुझ्या तोंडाशी वाकली आणि वाट बघत बसली... तू 'हं' म्हणेपर्यंत."