डिग्रीची खुर्ची

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तुमची मर्जी. पण ज्यांच्या घरात हे घडलं ते माझे सख्खे मामा आहेत, आणि मामांना थापा मारता येत नाहीत. उभा जन्म लेथ आणि मिलिंग मशीनवर गेला त्यांचा. सुताएवढा फरक सांगायचा तरी दोनदा मोजतील.

सुरुवात झाली एका रविवारी संध्याकाळी. बाहेर अजून उजेड होता.

मामांच्या घरातली मागची खोली... डिग्रीची.

डिग्री म्हणजे माझा मामेभाऊ. कॉलेजची डिग्री काही त्याच्या हाती लागली नाही, पण मित्रांनी नाव तेच ठेवलं, कारण दिवसभर त्याच्या तोंडी एकच, आज किती डिग्री. त्याला ओव्हरक्लॉकिंगचा नाद होता. म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कॉम्प्युटर जास्त पळवायचा. पळवला की तो तापतो. प्रोसेसरची काळजी सगळेच घेतात, पण मदरबोर्डवर चिपसेट नावाची एक बारकी चिप असते, ती गुपचूप तापते आणि सगळं बंद पाडते. तिच्यावरचा चिमुकला पंखा सारखा किरकिरायचा. डिग्रीने तो काढून टाकला आणि वडिलांना म्हणाला, इथे मोठा हीटसिंक बसवू, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, तुम्ही कापून द्या.

त्याआधी बापलेकांत विस्तव जात नव्हता. पण ॲल्युमिनियमचा ठोकळा घ्यायचा आणि त्यात पातळ पंख कापायचे, हे मामांच्या हातातलं काम. दोन-चार तुकडे वाया गेले, मग एक जमला. चिपच्या कितीतरी पट मोठा. मामी म्हणाली, नाकापेक्षा मोती जड. तिघंही हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

मामांनी तेव्हाच विचारलं होतं, तांब्याचा करू का? तांबं उष्णता भराभर ओढतं.

"नको बाबा, तांबं जड," डिग्री म्हणाला. "कॉम्प्युटरची पेटी उभी असते, हीटसिंक आडवा लोंबतो. चिपला तो भार सोसायचा नाही. वजन नका वाढवू, पंख वाढवा."

मामांनी हे वाक्य विसरायला नको होतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात डिग्रीला न्यूमोनिया झाला. शेवटी शेवटी हॉस्पिटलात एकच म्हणायचा, "बाबा, थंडी वाजतेय." नर्सने ब्लँकेटवर ब्लँकेट घातली. मामा त्याचे तळपाय चोळत बसले. चोळता चोळताच ते पाय गार पडले.

मामा रडले नाहीत. खोलीला कडी घातली आणि कामावर जायला लागले.

ती कडी त्यांनी त्या रविवारी काढली.

कॉम्प्युटर सुरू केला. डिग्रीने दाखवलेला टेस्टचा प्रोग्रॅम लावला. तो लावला की मशीन घाट चढणाऱ्या गाडीसारखं कामाला लागायचं. पेटीचा बाजूचा पत्रा डिग्री कधीच लावायचा नाही, त्यामुळे आतला हीटसिंक समोरच होता. मामांनी सवयीने बोटांची मागची बाजू त्याला लावली.

गार.

थोडं थांबले. पुन्हा लावली. आता तो चटका देईल इतका तापायला हवा होता...

गारच. भर उन्हाळ्यात, माठासारखा गार.

मामा चक्रावले. धातू असो नाहीतर माणूस, राबला की तापतो. आणि तापलेलं कुठेतरी जायलाच हवं. मग हे जातंय कुठे?

तेवढ्यात मागे...

करकर.

डिग्रीची खुर्ची. तो मागे रेलला की तिची स्प्रिंग अशीच करकरायची. मामांनी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. त्यांनी बैठकीवर हात ठेवला.

ती गरम होती.

मामांनी मामीला हाक मारली. तिने पदराला हात पुसले आणि खुर्चीला लावले. पाठीला. खुर्चीच्या हातांना. 

"आत्ता उठून गेल्यासारखं वाटतंय," मामा हळूच म्हणाले.

"उठलाय कुठे," मामी म्हणाली. "बसलाय."

आणि ती खाली बसून, बैठकीवर डोकं टेकवून रडली. तिच्या पाठीवर हात फिरवताना मामाही रडले.

मग ते रोजचंच झालं. मामा कामावरून आले की टेस्ट लावायचे. हीटसिंक गार पडायचा, खुर्ची ऊबदार व्हायची. मामी तिथेच भाजी निवडत बसायची, दिवसभराचं सांगायची. दोघांनी बाहेर चकार शब्द काढला नाही.

पण थंडी आली... आणि खुर्ची नुसती कोमट राहू लागली.

करकर बारीक झाली. अंग चोरून कोणी बसावं तशी.

"त्याला पुरत नाहीये हो," मामी म्हणाली.

मामांना त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याचा ठोकळा आणला. जेवणाच्या सुट्टीत बसून पंख कापले. आयुष्यात इतकं सुबक काम त्यांनी केलं नव्हतं, असं ते स्वतः सांगतात. जुना हीटसिंक काढला, चिप पुसली, उष्णता वाहून नेणारी थेंबभर पेस्ट लावली, नवा बसवला, स्क्रू आवळले. पोराला ऊब मिळावी, एवढंच डोक्यात होतं.

टेस्ट लावली.

खुर्ची तापली. पूर्वी कधी नव्हती इतकी. मामी हसली. खुर्ची मोठ्याने करकरली, पाय पसरून मागे रेलल्यासारखी.

आणि मग पेटीत...

टक्.

बारीकसा आवाज. पडदा काळा झाला, पंखे थांबले. तांब्याच्या भाराने चिप बोर्डावरून उखडली होती.

दोघांचे हात खुर्चीवर होते. त्यांच्या हाताखाली ती गार होत गेली. आधी कडा, मग मधला भाग. मामांना ते गार होणं ओळखीचं होतं.

दुसरा बोर्ड आणला. जुना ॲल्युमिनियमचा हीटसिंक त्यावर चढवला. तो चारचौघांच्या हीटसिंकसारखा तापला. खुर्ची गारच राहिली.

मला हे सगळं कळलं गेल्या महिन्यात. त्यांच्याकडे गेलो तर मामा मागच्या खोलीत स्टुलावर बसलेले, तळवा त्या खुर्चीच्या बैठकीवर. मामीने चहा तिथेच आणून दिला. कपातून वाफ येत होती. मी दोन वाक्यं बोललो, कप उचलला... आणि चहा पाण्यासारखा गार.

मामांनी मग सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आता वजन वाढवत नाही मी. नुसता हात ठेवतो. मी कामावर गेलो की ती ठेवते."

मी त्यांचा हात हातात घेतला. मनगटापर्यंत बर्फ होता.

"ठेव तूही जरा," मामा म्हणाले. "ओळखीचा हात आहे. त्याला बरं वाटेल."

डिग्री माझ्याबरोबर वाढलेला. मी हात ठेवला.

आधी काहीच नाही. मग तळव्यातली ऊब हळूहळू जायला लागली. कोणी ओढत नव्हतं. लहान मूल घाबरत घाबरत मागतं, तसं काहीतरी होतं ते.

मी घाबरलो. हात झटकन काढून घेतला.

खुर्ची करकरली... अगदी बारीक.

 मामांनी घाईघाईने आपले दोन्ही हात तिथे ठेवले.